मास्तर आन्सेल्म आणि कोंडलेलं झाड

पाटीपेन्सिल

एक मठाधिपती आन्सेल्म नावाच्या ख्रिस्ती साधूकडे गाऱ्हाणं घेऊन आला. मठात वाढणाऱ्या मुलांचं काय करावं तेच कळत नाही, म्हणाला. रात्रंदिवस झोडपतो, तरी पोरं आणखीच बिघडत चाललीत. आन्सेल्मने विचारलं, मारणं कधी थांबतच नाही? मग मोठी झाल्यावर ही मुलं कशी निघतात? मठाधिपती म्हणाला, मठ्ठ, जनावरासारखी.

मग आन्सेल्मने त्याला एक झाड लावायला सांगितलं, मनातल्या मनात. तुझ्या बागेत रोप लाव आणि लगेच चारही बाजूंनी असं कोंडून टाक की एकही फांदी बाहेर यायला नको. वर्षभराने मोकळं कर. कसलं झाड मिळेल? वाकड्यातिकड्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्यांचं, काहीच उपयोगाचं नाही, असं मठाधिपतीने स्वतःच कबूल केलं. आणि दोष कुणाचा? कोंडणाऱ्याचा. पुढे सोनाराचा दाखला. सोन्याच्या पत्र्यातून सुंदर आकृती काढायची तर सोनार नुसते घाव घालतो का? तो हलक्या हाताने ठोकतो, दाबतो, उचलून घेतो, गुळगुळीत करतो. शेवटी मठाधिपतीने त्याचे पाय धरले.

ही गोष्ट अकराव्या शतकातली, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातली. मी ती पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चौथीतल्या एका मुलाच्या पाठीत मी धपाटा घातला होता. पाढे येत नव्हते म्हणून. त्यानंतर तो वर्षभर माझ्या वर्गात तोंड उघडून काही बोलला नाही. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे की मारल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत, आणि मीही ते खरं धरलं होतं. म्हणून हा धागा.

आन्सेल्मचं नाव तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात एकाच कारणाने येतं. ईश्वराच्या अस्तित्वाची त्याने मांडलेली सिद्धता एका पानात उरकतात आणि पुढच्या पानावर जर्मन तत्त्वज्ञ कांट ती कशी मोडतो ते देतात. माझं म्हणणं असं की हा माणूस आधी मास्तर होता. ती सिद्धतासुद्धा मास्तरकीतूनच आली.

जन्म १०३३ चा, आल्प्सच्या कुशीतल्या आओस्ता गावचा. आज ते इटलीत आहे. लहानपणी त्याला वाटे, देव डोंगरावर राहतो, कारण आभाळ डोंगरावरच टेकलेलं दिसतं. एका रात्री स्वप्नात तो डोंगर चढून गेला. वाटेत राजाच्या दासी धान्य कापत होत्या, पण आळसाने, कशीतरी. वरच्या वाड्यात राजा आणि त्याचा कारभारी दोघेच. बाकी सगळे सुगीला गेलेले. राजाने त्याला जवळ बसवलं, कोण, कुठला म्हणून विचारलं आणि पांढरीशुभ्र भाकर खायला दिली. सकाळी उठल्यावर पोरगं सगळ्यांना सांगत सुटलं की मी स्वर्गात जाऊन देवाची भाकर खाऊन आलो.

आई गेली, बापाशी पटेना. तेविशीच्या सुमारास तो एका सोबत्याला घेऊन घराबाहेर पडला. आल्प्समधला माँ सनीचा घाट चढताना अन्न संपलं, अंगातलं त्राण गेलं, म्हणून बर्फ चघळायला लागला. सोबत्याने गाढवावरची रिकामी पिशवी पुन्हा चाचपली, तर आत एक भाकर निघाली. पांढरीशुभ्र. हे सगळं त्याच्या शिष्याने, एडमरने, लिहून ठेवलंय. स्वप्नातली भाकर आणि घाटातली भाकर यांचा संबंध तो उघड करून सांगत नाही. नुसता रंग सांगतो.

तीनेक वर्षं भटकून तो नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात पोचला. एर्लुइन नावाच्या सरदाराने तलवार खाली ठेवून उभा केलेला हा मठ. तिथे लानफ्रांक शिकवायचा. युरोपभरातून मुलं त्याच्याकडे येत. १०६० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, आन्सेल्मने तिथेच बेनेडिक्टाइन संघाच्या साधूची व्रतं घेतली. तीन वर्षांत लानफ्रांक दुसऱ्या मठात गेला आणि आन्सेल्म प्रायर झाला, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा. पंधरा वर्षं प्रायर, मग पंधरा वर्षं मठाधिपती. त्याच्या आयुष्यातला शिकवण्याचा काळ तो हाच.

एवढ्या तरुण माणसाला वर चढवलं म्हणून जुने साधू नाराज झाले. ऑस्बर्न नावाचा एक मुलगा होता, हुशार पण आन्सेल्मवर डूख धरून असलेला. आन्सेल्मने आधी त्याच्या खोड्या चालवून घेतल्या, मागेल ते शक्य तेवढं दिलं, जीव लावला. मुलगा वळला. मग हळूहळू सवलती काढून घेतल्या, शिस्त आणली. त्याच्याकडून मोठं काम होईल अशी आशा असतानाच ऑस्बर्न आजारी पडून गेला. आन्सेल्मने शेवटपर्यंत स्वतः त्याला भरवलं, पाणी पाजलं. पुढे वर्षभर रोज त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी, अर्पण केली, आणि ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी दुसऱ्याकडून करवून घेतली.

शिक्षकांनो, तुमच्या वर्गातला ऑस्बर्न आठवतोय का?

वसईची वाट

ताई, मनापासून आभार. बाहेरच्या लोकांना सगळे फादर एकसारखे वाटतात, म्हणून थोडी भर घालतो. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय, ऑगस्टिनियन या सगळ्यांच्या चर्चचे अवशेष आहेत. बेनेडिक्टाइन संघ यांतल्या फ्रान्सिस्कन, डॉमिनिकनांपेक्षाही सहा-सातशे वर्षांनी जुना. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत नियमावली लिहिली, तिची ७३ प्रकरणं आहेत. पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. बाळा, गुरूचं ऐक, अशी सुरुवात.

यांचं एक व्रत इतरांपेक्षा वेगळं. फ्रान्सिस्कन आज इथे, उद्या तिथे. बेनेडिक्टाइन ज्या मठात शिरला तिथेच देह ठेवायचा, याला स्थिरत्वाचं व्रत म्हणतात. हे लक्षात घेतलं तर आन्सेल्मना पुढे इंग्लंडला ओढून नेलं तेव्हा काय झालं असेल ते कळतं.

आणखी एक, मन जड होतं पण लिहितो. त्याच नियमावलीत, तिसाव्या प्रकरणात, ज्या मुलांना शिक्षेचा अर्थ कळत नाही त्यांना कडक उपास किंवा छडी द्यावी असं आहे. म्हणजे तो मठाधिपती नियमाला धरूनच वागत होता.

पाटीपेन्सिल

हे मला माहीत नव्हतं, आणि याने गोष्टीचं वजन वाढलं. आन्सेल्म नियम मोडायला सांगत नाही. त्या मठाधिपतीला तो विचारतो, ही मुलं तुमच्यासारखीच माणसं आहेत ना? त्यांच्या जागी तुम्ही असता तर? आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये मुलाला मारण्यावर बंदी आणली. कायद्याने हात थांबला, पण मनातली छडी थांबायला वेळ लागतो, हे मी स्वतःवरून सांगते.

जुनी वही

मेणाचा दाखला राहिला की! मठात तो तरुणांकडे जास्त लक्ष का देतो असं कुणी विचारलं, तर त्याने मेणाची उपमा दिली. मुद्रा उमटवायची तर मेण फार कडक असून चालत नाही, ठसा उठत नाही. फार पातळ असलं तर ठसा उठतो पण टिकत नाही. आयुष्यभर जगात मुरलेला म्हातारा म्हणजे कडक मेण, लहान मूल म्हणजे पातळ. तरुण मधला.

मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. अकरावी-बारावीतली ती दोन वर्षं तेच मेण आहे. माझा अनुभव अगदी हाच.

पाटीपेन्सिल

सर, मी प्राथमिकवाली, म्हणून पातळ मेण असं वाचून वाईट वाटलं होतं. पण खरं तर त्याला लहान मुलांना शिकवणं जमत नसे, आणि त्याने ते लपवलं नाही. मॉरिस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मुलांना शब्द चालवून दाखवणं मला नेहमीच जड गेलं, तुला माहीतच आहे. आपण संस्कृतच्या तासाला देवः देवौ देवाः करायचो, तेच तिथे लॅटिनचं. पण त्याच पत्रात मॉरिसला तो सांगतो की तू मात्र चांगल्या गुरूकडे बसून हे व्याकरण नीट घोटून घे, रोमन कवी व्हर्जिल वाच. स्वतःला जमलं नाही म्हणून ते कमी महत्त्वाचं, असं तो कधी मानत नाही.

गणिती

सिद्धता ‘मास्तरकीतून आली’ हे विधान जरा सिद्ध करून दाखवा. मी तर्कशास्त्राच्या बाजूने ती वाचलीय, वर्ग कुठेच दिसला नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: ईश्वर म्हणजे ‘ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही ते’. नास्तिकालाही हे शब्द ऐकून कळतात, म्हणजे ते निदान त्याच्या मनात आहे. चित्रकाराच्या मनात चित्र काढण्याआधी असतं तसं. आता ते फक्त मनातच असेल, तर ‘मनात आणि प्रत्यक्षातही असलेलं’ याहून थोर ठरेल. मग ते ‘ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते’ राहिलंच नाही. विरोध आला. म्हणून ते प्रत्यक्षातही आहे.

कांटने १७८१ मध्ये ‘असणं’ हा गुण नाही असं म्हणून यावर घाव घातला. मनातल्या शंभर नाण्यांत ‘आहेत’ मिळवून एकशे एक होत नाहीत. मला तो आक्षेप पटतो. पण विसाव्या शतकात गोडेलसारख्या तर्कशास्त्रज्ञाने याच कल्पनेची चिन्हांकित मांडणी करून ठेवली, म्हणजे सहज झटकून टाकावं असं हे नाही.

पाटीपेन्सिल

सांगते. आधी त्याचं ‘मोनोलोगियॉन’ हे पुस्तक, १०७६ चं. बेकच्या शिष्यांनी हट्ट धरला की तुम्ही आमच्याशी बोलताना जे सांगता ते लिहून द्या, आणि अट घातली: धर्मग्रंथात असं आहे म्हणून खरं, असा एकही दाखला नको. फक्त बुद्धीने पटलं पाहिजे. अशी अट घालणारे विद्यार्थी एखाद्या मास्तराला कधी मिळतात? जेव्हा त्याने आधी तसे प्रश्न विचारू दिलेले असतात. लिखाण जुन्या गुरूला, लानफ्रांकला पाठवलं, तर तो नाखूश. आधाराची वचनं का नाहीत? आन्सेल्मने नम्रपणे उत्तर दिलं की मी संत ऑगस्टिनच्या पलीकडे काही म्हटलेलं नाही, पण मजकूर बदलला नाही.

मग त्याला वाटायला लागलं की इतक्या युक्तिवादांची साखळी कशाला? एकच असा मुद्दा हवा जो स्वतःच्या पायावर उभा राहील. त्यापायी खाणं, झोप, प्रार्थनेतलं लक्ष, सगळं गेलं. हा सैतानाचा मोह असेल म्हणून विचार सोडून द्यायचाही प्रयत्न केला. एका रात्री, पहाटेआधीच्या प्रार्थनेत, तो मुद्दा सापडला.

त्याने तो मेणाच्या पाट्यांवर लिहिला आणि एका साधूकडे जपायला दिला. पाट्या हरवल्या. पुन्हा लिहून दुसऱ्याकडे दिल्या, त्याने बिछान्याशी लपवून ठेवल्या. सकाळी पाट्या जमिनीवर, मेणाचे तुकडे विखुरलेले. ते तुकडे जुळवून जुळवून मजकूर मिळवला आणि मग चर्मपत्रावर उतरवला. तेच ‘प्रोस्लोगियॉन’, ही सिद्धता ज्यात आहे ते पुस्तक. त्याचं आधीचं नाव होतं ‘समजून घेऊ पाहणारी श्रद्धा’.

न्यायरसिक

हे वाचताना आपल्या न्यायदर्शनाचे उदयनाचार्य आठवणं अगदी साहजिक. त्यांची ‘लक्षणावली’ शके ९०६ ची, म्हणजे इ.स. ९८४. आन्सेल्मच्या जन्माआधी पन्नास वर्षं. ‘न्यायकुसुमांजली’त त्यांनी ईश्वर सिद्ध केला तो कार्यावरून: घट आहे तर कुंभार आहे, जग हे कार्य आहे तर कर्ता आहे. आन्सेल्म मात्र जगाकडे बोट न दाखवता नुसत्या कल्पनेतून निघतो. आपल्या नैयायिकाला हे चालणारच नाही, नुसत्या लक्षणाने लक्ष्य सिद्ध होत नाही असं तो म्हणेल. पुढच्या काळातल्या एक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञानेही हाच मार्ग नाकारून उदयनाच्या बाजूची, म्हणजे जगाकडून ईश्वराकडे जाणारी वाट धरली, हे मला फार मोलाचं वाटतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी.

पण पूर्वपक्ष आधी चोख मांडायचा, मग उत्तर, ही आपली रीत. आन्सेल्मकडे ती आहे का?

जुनी वही

आहे, आणि कशी! गोनिलो नावाचा मार्मूतिएच्या मठातला साधू, म्हणजे स्वतः श्रद्धावान. त्याने ‘मूर्खाच्या वतीने’ उत्तर लिहिलं. बायबलमधल्या स्तोत्रात ‘मूर्ख मनात म्हणतो, देव नाही’ असं वचन आहे, त्या मूर्खाचा वकील होऊन. त्याचं म्हणणं: कुठल्यातरी समुद्रात एक हरवलेलं बेट आहे, सगळ्या बेटांहून संपन्न, असं कुणी मला सांगितलं तर शब्द मला कळतील. पण याहून सरस बेट कल्पिता येत नाही म्हणून ते बेट खरंच आहे, असं म्हणाल तर तुम्ही शहाणे की मी?

आन्सेल्मने उत्तर लिहिलं की ही युक्ती बेटाला लागू पडत नाही, ती फक्त एका ठिकाणी लागते. पण त्याहून मोठं हे की, यापुढे माझ्या ग्रंथाची नक्कल कराल तेव्हा शेवटी गोनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही जोडा, असं त्याने सांगितलं. आक्षेप घेणाऱ्याचे शब्द आज शाबूत आहेत ते आन्सेल्ममुळे.

गणिती

हे पटलं. विधान मान्य. त्याचे इतर काही ग्रंथ ‘गुरू’ आणि ‘शिष्य’ यांच्या संवादात आहेत हे माहीत होतं, पण मी ती नुसती लिहिण्याची पद्धत समजत होतो. ‘देव माणूस का झाला’ या ग्रंथातला बोसो हा खराखुरा शिष्य होता, बेकमध्ये शंका घेऊनच आलेला. तोच पुढे बेकचा मठाधिपती झाला. त्या संवादात तो गप्प बसून मान डोलावत नाही, अडवतो.

वसईची वाट

इंग्लंडचा भाग मी लिहितो, थोडक्यात. १०९३ मध्ये राजा विल्यम रूफस ग्लॉस्टरला मरणाला टेकला. कॅंटरबरीच्या आर्चबिशपची, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य धर्मगुरूची, जागा चार वर्षं रिकामी ठेवून तिचं उत्पन्न तो खात होता. मरणाच्या भीतीने त्याने आन्सेल्मना आर्चबिशप नेमायचं ठरवलं. आन्सेल्म मूठ आवळून बसले. लोकांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला, उघडेनात, तेव्हा धर्मदंड त्या बंद मुठीवरच दाबून धरला. ते म्हणाले, तुम्ही बेफाम बैलाच्या जोडीला म्हातारी मेंढी जुंपताय. मोटेला, नांगराला बैल जुंपलेला पाहिलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून द्यायला नको.

राजा बरा झाला आणि भांडण सुरू झालं. पुढचा राजा हेन्री, त्याच्याशीही तेच. बिशपला अंगठी आणि दंड कुणी द्यायचा, राजाने की धर्मसभेने, हा वाद. दोनदा परदेशात राहावं लागलं, १०९७ ते ११०० आणि ११०३ ते ११०६. पहिल्या वेळी इटलीत कापुआजवळच्या डोंगरावरच्या गावात त्यांना पुन्हा मठासारखी शांतता मिळाली आणि ‘देव माणूस का झाला’ तिथे पूर्ण झाला. ११०२ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मपरिषदेत, इंग्लंडमध्ये माणसं जनावरांसारखी विकण्याचा जो धंदा चाले, त्याला त्यांनी मनाई केली. ताईंनी सांगितलेल्या मठाधिपतीच्या गोष्टीत जनावर आहे, इथेही आहे.

एक लहानशी आठवण. घोड्यावरून जाताना कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा त्यांच्या घोड्याच्या पायात येऊन लपला. बरोबरचे लोक हसायला लागले. आन्सेल्मच्या डोळ्यांत पाणी आलं. मरणाच्या वेळी माणसाचा जीव असाच घेरला जातो, म्हणाले, आणि कुत्री आवरून सशाला जाऊ दिलं.

११०९ च्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सोबतचे साधू म्हणाले की ईस्टरपर्यंत आपण प्रभूकडे जाल असं वाटतं. ते म्हणाले, त्याची इच्छा असेल तर आनंदाने. पण आत्मा कुठून येतो हा प्रश्न मनात घोळतोय, तो सुटेपर्यंत ठेवलं तर बरं होईल, मी गेल्यावर कुणी सोडवेल की नाही ठाऊक नाही. बुधवारी, २१ एप्रिलला, पहाटे ते गेले. आमच्या दिनदर्शिकेत २१ एप्रिल हा त्यांचाच सण आहे.

नवी वाचक

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी अंगणवाडीत आहे. झाडाची गोष्ट आज मदतनीस ताईंना सांगितली, त्या म्हणाल्या आमच्या परसातल्या कढीपत्त्याचं असंच झालं, भिंतीला लागून लावला तर एकाच बाजूने वाढला. एवढंच सांगायचं होतं. आणि एक विचारायचं होतं: भाकर, मेण, ससा, हे इतकं बारीकसारीक कळलं कसं? आन्सेल्मने स्वतः लिहिलं का?

पाटीपेन्सिल

ताई, लिहीत राहा. कढीपत्ता मी उद्या वर्गात सांगणार.

नाही, त्याने स्वतः लिहिलं नाही. एडमर कॅंटरबरीचा साधू, वर्षानुवर्षं त्याच्या सोबत, परदेशातही. गपचूप टिपणं काढायचा. एकदा आन्सेल्मला ती सापडली. आधी त्याने गुरूसारखीच ती तपासली, काही ठिकाणी दुरुस्त्या केल्या, काही ओळी गाळायला सांगितल्या. एडमर खूश झाला. थोड्या दिवसांनी आन्सेल्मने त्याला बोलावून सांगितलं की पुढच्या पिढ्यांनी माझ्याबद्दल वाचावं एवढी माझी योग्यता नाही, ते सगळे कागद नष्ट कर.

गुरूची आज्ञा मोडायची नाही. एडमरने ती पानं नष्ट केली, पण त्याआधी त्यातला सगळा मजकूर दुसऱ्या पानांवर उतरवून घेतला. चरित्राच्या शेवटी त्याने हे पाप कबूल केलंय, आणि वाचणाऱ्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी असं मागणं केलंय.